दोन सड, तीन तोंडं

वीज गेली तेव्हा भिंगरीचं दुसरं बाहेर येत होतं.
पडवीत वर टांगलेली जाळी, खाली ती,
मधे मी, मोबाईलचा उजेड दातांत धरून.
मतलई सुटली होती. डोंगरावरची सगळी थंडी
आमच्या पडवीतूनच समुद्राकडे निघालेली.

पहिली दोन आपापली उठली,
गुडघ्यांवर, मग तोंडावर, मग पायांवर,
धडपडत कासेखाली गेली.
तिसरं सोडणासारखं भिजून पडलेलं.
नाकातला चिकटा बोटाने काढला,
गोणपाटाने खसाखसा चोळलं.
भिंगरीने त्याच्याकडे एकदा पाहिलं
आणि मान वळवली.
हिशोब तिलाही येतो.

"दे... हतं," बाजेवरून मामंजी म्हणाले.
दसऱ्यापासून त्यांची उजवी बाजू गेलेली.
तीस वर्षं तांडेल. आता पडवीतच होडी, पडवीतच बंदर.
डाव्या हाताने सदऱ्याची बटणं सोडली
आणि ते ओलं गाठोडं पोटाशी घेतलं.

सडाच्या टोकाला मेणासारखं बूच असतं,
पहिल्या धारेने ते फोडावं लागतं.
मग उतरतो चीक.
धार म्हणवत नाही त्याला, लोंबतो,
वाटीला धरून राहतो पिवळाजर्द,
बोटं एकमेकांना सोडत नाहीत.
चुलीवर ठेवायचा नाही, फाटतो.
गरम पाण्याच्या टोपात वाटी ठेवली
आणि पिल्लाच्या तोंडात करंगळी घातली.
थंड.
थंड तोंडात ओतायचा नाही.
आधी ऊब, मग घास.
म्हणून थांबलो,
तो, मी आणि सदऱ्यातलं ते.

थांबल्यावर नको ते आठवतं.
विन्याच्या वेळी सासूबाई म्हणाल्या होत्या,
पहिलं दूध घाण, पिळून टाक.
तीन दिवस पिळलं, नारळाच्या आळ्यात.
विन्याला बोटाने मध चाटवला.
पदर दगडासारखा जड, आतून त्याचं रडणं.
तो माड आज गावात सगळ्यांत जास्त धरतो.
त्याचं शहाळं मी पीत नाही.
कोणी विचारलं तर सांगते, बाधतं.

पुन्हा करंगळी.
आता तोंड कोमट, आणि जीभ
बोटाभोवती जराशी वळली.

खोकल्याच्या औषधाची बाटली,
तिला दापोलीच्या मेडिकलातलं रबरी बूच.
मान फार वर नको, छातीत जाईल.
मामंजींनी हनुवटीखाली अंगठा धरला,
सुकाणूवर धरायचे तसा, हलका.
पहिला घोट गळ्यातून खाली गेलेला
आम्हा दोघांना दिसला.
"लाभ," ते म्हणाले.
एक नाही म्हणाले. लाभ.
बंदरावर पापलेटाची पहिली जोडी टोपलीत पडताना
म्हणायचे तसंच.
मग दोन. मग तीन.
अर्धं तोंड शब्दांना साथ देत नव्हतं,
सात आणि आठ सारखेच ऐकू आले,
पण एकही घोट चुकला नाही.

पिल्लाच्या ओठातून चीक ओघळला,
यांच्या ओठातून लाळ.
एकाच फडक्याने दोन्ही पुसली.
कोणाला काही वाटलं नाही.

उजाडताना जैनबचाची कुंपणाशी, हातात वाटी.
"जनलीव ना? खरवसापुरता दे गो,
लेक येतोय कुवेतवरना."
चाची, परवा या म्हटलं.
आजचा मोजून झालाय.
ती वाटी घेऊन उभीच राहिली,
मग वाकून सदऱ्यात डोकावली,
"अल्ला, किती बारीक!" म्हणाली
आणि घरून जुनं लोकरीचं टोपरं घेऊन आली.

दुपारच्या सुमाराला ते उठलं.
पडलं. उठलं. बाजेच्या पायाला ढुशी दिली,
त्यात दूध नाही हे कळायला
त्याला बराच वेळ लागला.
भिंगरीचा एक पाय मी बांधला, एक सड राखला,
तरी तिने लाथ मारलीच, मलाही, त्यालाही.
रोज असंच चालणार, किमान आठवडाभर.

संध्याकाळी मामंजींच्या लुंगीवर
काळी, डांबरासारखी चिकट
त्याची पहिली लेंडी.
चीक पोटातून पार झाल्याची पावती.
मी धुवायला पाणी आणलं,
तर हात आडवा.
"ऱ्हाऊ दे... वायच."
आणि डाव्या बाजूने,
जेवढी उरली होती तेवढ्याने,
हसले.